जुन्नरचा टोमॅटो आणि चवीचा भाव



जुन्नर-आंबेगावचा टोमॅटो कुकडी प्रकल्पाच्या पाण्यावर उभा आहे. माणिकडोह, येडगाव, डिंभे ही धरणं पाठीशी आहेत, म्हणून तिथं उन्हाळ्यात लागण होते. आपल्या कोरडवाहू रानाला ते जमायचं नाही. तरी तिथली गोष्ट सांगतो, कारण ती वाणाची आहे.

नारायणगावच्या बाजारात माल वीस किलोच्या क्रेटनं जातो. व्यापारी रंग बघतो, आकार बघतो, बोटानं दाबून कडकपणा बघतो. दूरच्या बाजारापर्यंत फळ फुटता कामा नये. तोंडात टाकून पाहणारा आम्हाला काही दिसला नाही. मग बियाणं काढणाराही जाड सालीचं, सारखं पिकणारंच वाण काढणार. त्याला दोष कशाला द्यायचा? मे २०२३ मध्ये टोमॅटो मातीमोल झाला, जुलैत क्रेट दोन हजारांवर गेला. दोन महिन्यांत चव काही बदलली नव्हती.

गावरान फळ कच्चं असताना देठाजवळ गडद हिरवं असतं. त्या हिरव्या खांद्यातलं हरितद्रव्य फळातच साखर बनवायला हातभार लावतं, हे २०१२ साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं. एकसारख्या रंगासाठी खांदा घालवला, त्याबरोबर थोडी साखरही गेली.

उत्पन्नात मात्र गावरान हरतं, हे कबूल करायला हवं. बांबू-तारेवर चढवलेला संकरित टोमॅटो तोड्यामागून तोडे देतो. बेंगळुरूच्या संस्थेचा अर्का रक्षक तर पानं आकसणारा विषाणू, मर आणि करपा या तिन्हींना तोंड देतो. पुसा रुबीसारखं सरळ वाण चपटं, आंबट, रसाळ. कालवणाला झकास, पण पाटीच्या तळाशी फुटणारं.

ज्वारीत आपण हेच पाहिलं. १९६४ साली सीएसएच-१ आली, खरिपात कणग्या भरल्या. पण भाकरीला मोहोळची मालदांडीच लागते, आणि गिऱ्हाईक तिला वेगळा दर देतं. टोमॅटोचा असा वेगळा ढीग बाजारात लागत नाही.

तेव्हा विकायला संकरित, खायला सरळ वाण. मोरीच्या सांडपाण्यावर दोन्हींची पाच-पाच रोपं एकाच दिवशी लावा, शेणखत सारखं द्या, प्रत्येक तोड्याचं वजन लिहा. पिकलेल्या फोडी नाव न सांगता घरच्या बायांना चाखायला द्या. त्यांची जीभ आमच्या पदवीपेक्षा खरी.

बी सरळ वाणाचंच धरा. संकरिताचं पुढच्या पिढीत फुटतं. कपाशीसारखी परागाची सरमिसळ टोमॅटोत फारशी होत नाही. गर दोन दिवस आंबवा, धुवा, सावलीत वाळवा. बी राखण्याचा, अदलाबदलीचा आणि ब्रँड न लावता विकण्याचा हक्क २००१ च्या कायद्यानं आपल्याला दिला आहे. पुढच्या जिल्हा बैठकीला येताना चिमूटभर बियांची पुडी आणा. वर गाव, वाण आणि झाडामागं किती किलो निघालं, तेवढं लिहा.