उशिरा धरलेली लेखणी



मुलांसाठी लिहावं ते तरुण, हसऱ्या, मुलांत मूल होणाऱ्या माणसानं, असा समज आपल्याकडे पक्का आहे. मोठ्या आजारातून उठलेलं, साठीकडे झुकलेलं कुणी बालकथा लिहू लागलं की आपण त्याला विरंगुळा म्हणतो आणि पुस्तक न उघडताच कौतुक करून मोकळे होतो. मला हे मान्य नाही. दीर्घ आजार मोठ्या माणसाला पुन्हा मुलाच्या जागी नेऊन बसवतो. काय खायचं, कधी निजायचं, कुणाला भेटायचं हे दुसरेच ठरवतात. डॉक्टर नातेवाइकांशी बोलतात आणि खाटेवरचा माणूस त्यांच्या चेहऱ्यांवरून खरं काय ते ताडत राहतो. घरातलं लहान मूल रोज हेच करत असतं. या जागेवरून जग कसं दिसतं याची जाण हेच बालसाहित्यिकाचं भांडवल.

इंग्लंडच्या ॲना सीवेलचा पाय चौदाव्या वर्षी दुखावला आणि चालणं कायमचं अवघड झालं. पन्नाशीनंतर, १८७१ ते १८७७ या आजारपणाच्या वर्षांत, तिनं ‘ब्लॅक ब्यूटी’ लिहिली. अंगात बळ असेल तेव्हा कागदाच्या कपट्यांवर पेन्सिलीनं लिहायचं, नसेल तेव्हा आईला सांगायचं. आई स्वच्छ प्रत करायची. पुस्तक निघाल्यावर काही महिन्यांतच ॲना गेली. तिनं ते घोडे सांभाळणाऱ्यांसाठी लिहिलं होतं. मुलांनी ते आपलंसं केलं, कारण त्यात बोलतो तो घोडा. त्याच्याविषयी सगळे ठरवतात, त्याला कुणी विचारत नाही. रवींद्रनाथ १९४० च्या सप्टेंबरात कालिम्पोंगला गंभीर आजारी पडले. नंतरच्या महिन्यांत ‘रोगशय्याय’ आणि ‘आरोग्य’मधल्या कविता झाल्या, आणि १९४१ मध्ये, ऐंशीच्या उंबरठ्यावर, मुलांसाठी ‘गल्पसल्प’ही आलं.

आक्षेप येईल की असं लेखन रडकं किंवा उपदेशी होतं. बंगाली बालकवी सुकुमार राय उतारवयाचे नव्हते, पण काला-आजारानं अंथरुणाला खिळले असताना त्यांनी ‘आबोल ताबोल’ छपाईसाठी सजवलं. १९२३ मध्ये ते गेले आणि काही दिवसांनी बंगाली मुलांच्या हाती पडलं ते निखळ धमाल पुस्तक. दुसरा आक्षेप वजनदार आहे: मन मोकळं करणं म्हणजे साहित्य नव्हे. अगदी बरोबर. आजार जागा देतो, कसब देत नाही. जी. ए. कुलकर्णींनी उत्तरायुष्यात ‘बखर बिम्मची’ लिहिली ती आयुष्यभर मुरलेल्या कसबावर. म्हणून वयाचे किंवा दुखण्याचे वाढीव गुण कुणालाही देऊ नयेत.

तिसरा प्रश्न पालकांचा: मुलांना आजारपण सांगायचंच कशाला? आपण आज बीडमध्ये जमलो आहोत, आणि इथं हा प्रश्न विचारणं कठीण आहे. राज्य सरकारने नेमलेल्या समितीसाठी २०१९ मध्ये याच जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यांतल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. ‘आईची पिशवी काढली’ हे वाक्य इथल्या पोरांना नवं नाही. ऊसतोडीची टोळी कारखान्याकडे निघते तेव्हा ही पोरं कोपीवर, म्हणजे तिथल्या तात्पुरत्या झोपडीत, तरी जातात, नाहीतर आजीपाशी किंवा हंगामी वसतिगृहात राहतात. जे त्यांना घरात दिसतं, ते पुस्तकात मात्र कुठंच नाही. ही गोष्ट दया न दाखवता, हसवत सांगायची तर दुखणं आतून पाहिलेला माणूस हवा.

म्हणून संयोजकांना आणि शिक्षकांना एक विनंती. आजारातून उठून लिहू पाहणारे ज्येष्ठ तुमच्या गावात असतील. त्यांच्या हस्तलिखितावर संपादकानं निर्दयपणे कात्री चालवावी, आणि छापण्याआधी ते जिल्हा परिषदेच्या शाळेत वाचलं जावं. मुलं जिथं चुळबुळ करतील, तिथं लेखकानं खूण करावी. शाल-श्रीफळ नंतर द्या. आधी त्यांना चौथीचा एक वर्ग आणि आठवड्यातला एक तास द्या.