दगड कोणाची कथा सांगतात?
(ज्युबिलीनिमित्त दिलेले व्याख्यान)



आपल्या धर्मग्रामाच्या इतिहासाविषयी चार शब्द बोलावेत, अशी आम्हांस आज्ञा झाली. परंतु इतिहास सांगण्यापूर्वी तो वाचावा कसा, याचा विचार झालेला बरा. आणि त्याकरिता रोमेस किंवा यरुशलेमेस जाण्याचे कारण नाही. जुन्नर व आंबेगाव एवढा मुलूख त्यास पुरेसा आहे.

नाणेघाट आपणांपैकी पुष्कळांनी पाहिला असेल. कोकणातून देशावर चढणारी ही व्यापाराची प्राचीन वाट. घाटमाथ्याच्या लेण्यात, इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या सुमारास, एक लांबलचक लेख कोरला गेला. तो सातवाहनांची राणी नागनिका हिचा समजतात. आरंभी धर्म, इंद्र, संकर्षण, वासुदेव, चंद्र, सूर्य व लोकपाल यांस नमन आहे. पुढे यज्ञांची व दक्षिणांची यादी. अग्न्याधेयास १२ गाई व १ घोडा. आणखी एके ठिकाणी १,७०० गाई व १० हत्ती! शेजारी राजकुलाच्या मूर्ती होत्या. त्या आता नष्ट झाल्या. माथ्यावर कोरलेली नावे तेवढी उरली.

१८८३ साली ब्यूलर यांनी हा लेख वाचून प्रसिद्ध केला, तेव्हापासून विद्वान विचारीत आले आहेत: हे बोलते कोण, कोणास ऐकविण्यासाठी, आणि नेमके येथेच का? पुष्कळांच्या मते राजा निवर्तला होता, पुत्र लहान होते व राज्याचा भार राणीवर होता. ज्या वाटेने प्रत्येक तांडा जाणार, तेथेच कुळाचे पुण्य व कुळाचा अधिकार एका दमात सांगितला गेला. यावरून कोणी म्हणतात की, धर्म हा सत्तेने पांघरलेला शेला होय. आम्हांस हे मान्य नाही. त्याच लेखात राणीचे महिना महिना चाललेले उपवास व घरी राहून आचरलेले तप यांचाही उल्लेख आहे. ते ढोंग होते असे म्हणण्यास आधार कोणता? अधिकाराची इच्छा व भक्ती एकाच अंतःकरणात नांदू शकतात, हे दाविदाच्या चरित्रावरून आपणांस ठाऊक आहेच.

असे प्रश्न विचारणे श्रद्धेस बाधक होईल, ही भीतीही नको. १९४३ साली पोप बारावे पायस यांनी आपल्या परिपत्राने पवित्र शास्त्राच्या अभ्यासकांस प्राचीन लेखकांच्या लेखनाचे प्रकार बारकाईने पारखण्यास सांगितले. जे शास्त्रास चालते, ते शिलालेखास का चालू नये?

जुन्नरच्या बौद्ध लेण्यांतील लेख पाहा. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे दिले. इरिल नावाच्या यवनाने पाण्याची टाकी दिली. नहपानाचा अमात्य अयम याने ४६व्या वर्षी टाके व मंडप दिला. देणाऱ्यांची नावे दोन सहस्र वर्षे टिकली. ज्यांनी छिन्नी धरली, त्यांची नावे या लेखांत नाहीत. या स्मरणिकेतही देणगीदारांची यादी असेल, आणि ती असावीच. परंतु पायाच्या वेळी घमेली वाहणाऱ्या बायाबापड्यांची नावे ज्या वृद्धांस अद्याप आठवत असतील, त्यांजकडून ती या वर्षीच लिहून घेतली पाहिजेत. पुढल्या ज्युबिलीस सांगणारे कोणी राहणार नाही.

कथा जागेचा ताबा घेतात, हेही येथेच दिसते. लेण्याद्रीस बौद्ध भिक्षूंचा विहार होता. त्यात आज गिरिजात्मज गणपती आहे व पार्वतीच्या तपाची कथा सांगतात. मानमोडीच्या डोंगराचे 'मानमुकड' हे जुने नाव तेथील लेखात आहे. त्याचा विसर पडल्यावर लोकांनी 'मान मोडणारी' असा अर्थ लावला. खोटे कोणी बोलले नाही. उरलेल्या शब्दास अर्थ हवा होता.

आता आपल्या घरची गोष्ट. आंबेगावच्या पश्चिमेस डोंगरात भीमाशंकराच्या देवळापुढे पोर्तुगीज बनावटीची थोरली घंटा आहे. १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई जिंकली, तेव्हा ती तेथून आली, असे परंपरा सांगते. मराठ्यांच्या इतिहासात ती विजयाची खूण. वसईच्या ख्रिस्ती मनुष्यास ती हरवलेल्या मंदिराची आठवण वाटेल. डोंगरातील महादेव कोळी यात्रेकरूस मात्र ती देवाची घंटा, दुसरे काही नाही. आपल्यापैकी कोणी यंदा तिकडे गेलाच, तर त्याने आपली कथा आधी न सांगता तेथल्या माणसांची विचारून घ्यावी, आणि येऊन आम्हांस सांगावी.