पुलावरचीं प्रेतें



ज्या चित्रपटाविषयीं आज चार शब्द सांगावयाचे आहेत, त्याचें नांवच मुळीं उसनें आहे. अमेरिकन दिग्दर्शक जॉर्ज रोमेरो यांचा, उठून चालणाऱ्या प्रेतांचा एक चित्रपट १९७८ सालीं इटलींत ‘झॉम्बी’ या नांवानें लागला. तो गाजला असें पाहून, कथेचा कांहीं एक संबंध नसतांना, तेथल्या निर्मात्यांनीं १९७९ सालीं आपल्या चित्रपटास ‘झॉम्बी २’ असें नांव देऊन टाकलें. दिग्दर्शक होते लुचो फुल्ची. पैसा थोडा आणि हेतु उघड व्यापाराचा. तरी जवळजवळ चार तपें होत आलीं असतांहि त्याचे चाहते देशोदेशीं आहेत. असें कां व्हावें?

प्रथम झॉम्बी म्हणजे काय तें पाहूं. आपण ज्याला भूत म्हणतों तें देहावांचून उरलेलें मन. झॉम्बी हा मनावांचून उरलेला देह. ही कल्पना मूळची कॅरिबियन समुद्रांतील हैतीची. आफ्रिकेंतून धरून आणलेल्या गुलामांच्या वंशजांत अशी समजूत होती कीं, मांत्रिक मेलेल्या माणसास उठवून राबवितो. मरणानेंहि न सुटणारें दास्य, हें त्या भयाचें मूळ. रोमेरो यांनीं १९६८ सालच्या आपल्या चित्रपटांत मांत्रिकाला रजा दिली व प्रेतांना नरमांसभक्षक केलें. फुल्ची यांनीं तें मांसभक्षण ठेवलें, परंतु कथा पुन्हां एका कॅरिबियन बेटावर नेली. तेथें दूर कोठें तरी ढोल वाजत असतात. एक डॉक्टर या व्याधीचें कारण शोधतो आणि त्याला तें शेवटपर्यंत सांपडत नाहीं. आणि शतकांपूर्वीं मातींत गेलेले स्पॅनिश आक्रमक डोळ्यांच्या खांचांत किडे घेऊन वर येतात.

जानेत्तो दे रोस्सी या रंगभूषाकारानें घडविलेलीं हीं प्रेतें सुकलेल्या चिखलाचीं केल्यासारखीं दिसतात, व फार सावकाश चालतात. त्यांना घाई कशाची? सर्व जग अखेर त्यांच्याकडेच येणार आहे. समुद्रतळाशीं एक प्रेत शार्क माशाशीं झुंजतें, तो प्रसंग हास्यास्पद आहे; पण मासा खरा आहे, आणि हंसूं ओठांवरच थबकतें.

दोष झांकण्याचें कारण नाहीं. एका प्रसंगीं एका स्त्रीचा डोळा लांकडाच्या अणकुचीदार कपचीवर ओढला जातो, आणि कॅमेरा तेथून हलत नाहीं. त्या क्रौर्याचें समर्थन मला करवत नाहीं. १९८० नंतरच्या दशकांत ब्रिटनमध्यें व्हिडिओ-फिती घरोघरीं पोंचल्या, तेव्हां ज्या चित्रपटांवर अश्लीलतेच्या कायद्याखालीं कारवाई झाली त्यांत हाहि होता. पुढें २००५ सालीं तोच तेथें कांटछांट न करतां संमत झाला.

परंतु मला सांगावयाचें आहे तें अगदीं शेवटचें दृश्य. बेटावरून जिवंत सुटलेले दोघे नावेंत आहेत. नभोवाणीवर न्यूयॉर्कची वार्ता लागते: प्रेतें शहरांत शिरलीं आहेत. बोलतां बोलतां तीं निवेदकाच्याच दाराशीं येतात, आणि त्याची किंकाळी ऐकूं येते. मग ब्रुकलिन पूल दिसतो. वरच्या पादचारी मार्गावरून प्रेतांची रांग शहराकडे चालली आहे, आणि खालच्या रस्त्यावर मोटारी नेहमींप्रमाणें धांवत आहेत! एवढ्या शहराची रहदारी थोपविणें असल्या निर्मात्यांच्या आवांक्यांतलें नव्हे. चिकित्सक प्रेक्षक ही ढोबळ चूक म्हणून दाखवितात.

मला तेंच या चित्रपटाचें मर्म वाटतें. २०२० सालच्या आरंभीं महामारीची वार्ता रोज कानीं पडत होती, आणि जगांतलीं बहुतेक शहरें कांहीं आठवडे अशींच कामावर जात-येत होतीं. संकट डोक्यावरून चालत येतें, तेव्हां खालची वाहतूक थांबलेली नसते. श्रीमंत निर्मात्यानें पूल मोकळा करून घेतला असता, सैन्य उभें केलें असतें, आणि आपण ती एक कथा म्हणून विसरून गेलों असतों. पैशाच्या उणिवेनें येथें एक खरी गोष्ट सांगून टाकली.

ज्यांचें काळीज घट्ट असेल त्यांनीं, मुलें निजल्यावर, हा चित्रपट पाहावा. आणि शेवटीं प्रेतांवरून दृष्टि काढून त्या मोटारींकडे पाहावें.