लेकीला आधी सांगा

पिंपरी पेंढारच्या आयाबायांनो, आज्यांनो,

आज बोलायचे ते आपल्या घरातलेच आहे. पण घरात ते कुणी उघड बोलत नाही. लेकीला पहिली पाळी येते, त्याविषयी मी बोलणार आहे. दाराशी दोन-चार गडीमाणसे उभी आहेत. त्यांनी जाऊ नये. त्यांच्याशीही काम आहे.

आपल्याकडे आई बाजूला बसली, की लहान पोर विचारते, "आई, काय झालं?" आई म्हणते, "कावळा शिवला." पोर छपराकडे बघते. कावळा कुठेच नसतो. पोर एवढेच शिकते, की हे काहीतरी वाईट आहे आणि ते विचारायचे नसते. मग एक दिवस तिच्याच कपड्याला रक्त लागते. तिला वाटते, आपल्याला मोठे दुखणे झाले. कुणाला वाटते, आपल्या हातून पाप घडले. ती गप्प बसते.

या गप्प बसण्याने काय होते ते ऐका. आपल्या गावावरून जाणारा रस्ता माळशेज घाट उतरून कल्याणला जातो. कल्याणला लागूनच उल्हासनगर आहे. तिथली बातमी 2023 च्या मे महिन्यात वर्तमानपत्रांत आली होती. बारा वर्षांची मुलगी भावाच्या घरी राहत होती. तिला पहिल्यांदा पाळी आली. कपड्यांना डाग पडले. हे काय आहे, ते तिला कुणी सांगितलेले नव्हते. भावाने विचारले, तर तिला उत्तर देता येईना. भावाच्या मनात भलताच संशय आला. त्याने तिला मारले, आणि त्या मारात पोर मेली. पोलिसांनी भावाला धरले.

बायांनो, पोरीला ठाऊक नव्हते आणि भावालाही उमजले नाही. दोन शब्द आधी सांगितलेले असते, तर ती पोर आज जिवंत असती.

म्हणून आधी सांगायचे. पण आधी म्हणजे कधी? पाळी नवव्या वर्षापासून पंधराव्या वर्षापर्यंत केव्हाही येते. पुष्कळ मुलींना बाराव्या-तेराव्या वर्षी येते. मुलीची छाती भरू लागली, की साधारण दोन-अडीच वर्षांत पाळी येते. काही महिने आधी अंगावरून थोडे पांढरे जाते. म्हणजे शरीर आधी निरोप धाडते. पावसाची चाहूल आपण वाऱ्यावरून ओळखतो, मग लेकीच्या अंगाची का ओळखू नये? मुलगी चौथी-पाचवीत गेली, की सांगून टाका.

वेणी घालताना सांगा. तेव्हा पोरीचे तोंड पुढे असते, आईचे मागे. दोघींची लाज निम्मी होते. असे म्हणा:

"बाळ, तू आता मोठी व्हायला लागलीस. प्रत्येक बाईच्या ओटीपोटात एक लहानशी पिशवी असते. तू माझ्या त्याच पिशवीत वाढलीस. दर महिन्याला त्या पिशवीला आतून मऊ अस्तर चढतं, गोधडीला चढवतो तसं. बाळ राहिलं, तर ते अस्तर त्याच्या कामी येतं. नाही राहिलं, तर सुटतं आणि रक्ताबरोबर बाहेर पडतं. त्याला पाळी म्हणतात. ते लघवीच्या वाटेनं येत नाही, त्याची वाट निराळी आहे. तीन ते सात दिवस रक्त जातं आणि आपोआप थांबतं. मला पाळी येते, तुझ्या आत्याला येते, शाळेतल्या बाईंनाही येते. तुला आली की घाबरू नकोस. घरी असलीस तर मला सांग, शाळेत असलीस तर बाईंना सांग. ही घडी दप्तरात ठेव."

झाले. याला पाच मिनिटेही लागत नाहीत. मात्र एकदा सांगून भागत नाही. पंधरा दिवसांनी पुन्हा विचारा, "काय सांगितलं होतं गं मी?"

रक्त बघून पोर घाबरते. तिला सांगा, की दिसायला फार दिसते, पण बहुतेकींचे एका पाळीतले रक्त चहाच्या अर्ध्या कपाइतकेही भरत नाही. पहिली एक-दोन वर्षे पाळी पुढेमागे होते. कधी दीड महिनाही लागतो. त्याने घाबरून जाऊ नये. पण तासातासाला घडी भिजत असेल, सात दिवसांच्या पुढे रक्त जात असेल, किंवा दुखण्याने पोर उठूच शकत नसेल, तर आशाताईंना सांगून सरकारी दवाखान्यात न्या. पंधरा वर्षे पुरी झाली तरी पाळी आली नाही, तरीही न्या. शाळेत आठवड्याला लोहाची निळी गोळी देतात, ती पोरीने खिडकीबाहेर टाकू नये. ती रक्तवाढीची आहे.

विकतचे पॅड परवडले तर उत्तम. नाहीतर जुन्या सुती लुगड्याची स्वच्छ घडी चालते. चार-सहा तासांनी बदलावी, साबणाने धुवावी आणि कडक उन्हात वाळवावी. आपण ती कुठे वाळवतो? खाटेखाली, पत्र्याआड, ओलाव्यात! तिथे ती कुबट होते, अंगाला खाज सुटते. लाज वाटत असेल तर वरून ओढणी टाका, पण ऊन लागू द्या. आपल्या जुन्नर तालुक्यात बिबट्याचे भय आहे. पोरीला अंधारात शेताकडे पाठवू नका. घरच्या मोरीतच पाणी, साबण आणि आडोसा द्या.

आता विटाळाचे. आज्यांनो, रागावू नका. पाळीच्या बाईचा हात लागून लोणचे नासत नाही. लोणचे ओल्या चमच्याने नासते. आपण वारीला जाणारी माणसे. चोखोबांची बायको सोयराबाई चौदाव्या शतकात होऊन गेली. तिनेही अभंगातून विटाळाला सवाल केला आहे. ज्या रक्तात आपण सगळे वाढलो, ते घाण कसे असेल? पोरगी दमली असेल तर विश्रांती जरूर द्या. पण घरात द्या, तिच्या अंथरुणावर द्या. गोठ्याच्या कडेला नको.

आणि पोर शहाणी झाली, म्हणजे लग्नाची झाली, असे नाही. तिची हाडे अजून वाढत असतात. कल्याणच्या आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षी आई झाल्या. मूल दहा दिवसांत गेले. त्याच आनंदीबाई पुढे अमेरिकेत शिकून 1886 साली डॉक्टर झाल्या. मुलीच्या लग्नाचे वय 1929 च्या कायद्याने चौदा ठरले होते. आज ते अठरा आहे. पाळी आली म्हणून शाळा सुटता कामा नये.

आता दाराशी उभ्या असलेल्या बापांनो. आळेफाट्याला बाजाराला जाता, तेव्हा बी आणता, औषध आणता. तसा पॅडचा पुडाही आणा. दुकानदार कागदात गुंडाळून देईल. तुम्ही नुसता घरात ठेवलात, तरी पोरीला कळते, की बापाला ठाऊक आहे आणि बाप रागावलेला नाही. थोरल्या मुलालाही सांगा. बहिणीच्या कपड्याला डाग दिसला, तर हसायचे नाही, ओरडायचे नाही. आईला हाक मारायची.

माझे बोलणे झाले. आता तुम्ही विचारा. आजी, लोणच्याचे बोलल्यापासून तुम्ही मान हलवत आहात. तुम्हीच सुरुवात करा.