साक्षी आणि साक्षीदार

‘साक्षी’ आणि ‘साक्षीदार’ हे शब्द सख्ख्या भावांसारखे दिसतात. परंतु त्यांचा स्वभाव एक नाही. ज्याने साक्षात् पाहिले तो साक्षी, अशी पाणिनीने मूळ शब्दाची फोड केली आहे. मराठीने त्याला फारसी ‘दार’ जोडून कचेरीच्या पायरीवर उभे केले. ‘ग्वाही’ या अस्सल फारसी शब्दाने मात्र उलट वाट धरली. इंदूर-ग्वाल्हेरकडच्या हिंदीत ‘गवाह’ अजून साक्षच देतो. मराठीत ग्वाही बहुधा आश्वासनाची असते, आणि ती देणाऱ्याने काही पाहिलेले असावे लागत नाही!

वेदान्तातला साक्षी बोलत नाही. एका वृक्षावरील दोन पक्ष्यांची कल्पना उपनिषदांत आहे; एक फळ खातो, दुसरा नुसता पाहतो. त्या दुसऱ्याची थोरवी त्याच्या अलिप्तपणात आहे. न्यायसभेत मात्र हाच अलिप्तपणा दोष होय. तेथे जाऊन मौन धरणारा आणि खोटे बोलणारा, दोघांनाही मनुस्मृती पापी म्हणते. विवाहातला अग्नी या दोहोंच्या मधला. त्याला साक्षी ठेवतात, पण त्याची उलटतपासणी कोणी घेत नाही. रामायणात तो एकदा बोलला, तो सीतेसाठी. तेही तिला ज्वालांत शिरावे लागल्यावर.

याज्ञवल्क्याने निदान तीन साक्षी मागितले होते. १८७२ च्या पुरावा अधिनियमाने संख्येचा आग्रह सोडला. पाहिलेली गोष्ट पाहणाऱ्यानेच सांगावी, एवढे मात्र धरून ठेवले. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही हा दंडक कायम आहे.

मृत्युपत्रास मात्र आजही निदान दोन साक्षीदार लागतात. आत काय लिहिले आहे हे त्यांना ठाऊक असण्याची गरज नाही. मृत्युपत्र करणाराची सही आपल्यासमोर झाली, किंवा ती आपली असल्याचे त्याने सांगितले, इतकेच त्यांचे साक्षित्व. शेजारधर्म म्हणून, चहाचा पेला हाती असतानाच, ही सही बहुधा केली जाते. पुढे भाऊ-भाऊ न्यायालयात उभे राहतात आणि वृद्ध झालेल्या त्या शेजाऱ्यास बोलावणे येते. वकील त्याला सहीविषयी विचारतात. बाहेर ओसरीवर दोन्ही भाऊ विचारतात ते निराळेच : ‘काका, त्या दिवशी बाबा शुद्धीवर होते ना?’