नायक नसता तर?



‘रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क’ या १९८१ च्या चित्रपटावर एक आक्षेप घेतला जातो. २०१३ मध्ये ‘द बिग बँग थिअरी’ मालिकेतल्या एमीच्या तोंडी तो आला आणि सर्वदूर पोचला. तो असा : नायक इंडियाना जोन्स, म्हणजे इंडी, या गोष्टीत नसता, तरी शेवट हाच झाला असता. नाझींनी बायबलमधला कराराचा कोश शोधला असता, उघडला असता आणि त्यातल्या दैवी अग्नीत ते भस्म झाले असते. मग आपण दोन तास कुणाची धावपळ पाहिली?

आक्षेप गंभीर आहे, म्हणून तो पडद्यावरच्या घटनांशी ताडून पाहू. साल १९३६. दंडावर बसवलं की कोशाची जागा दाखवणारं पदक नेपाळात, इंडीची जुनी मैत्रीण मॅरियन हिच्या गुत्त्यात. इंडी तिथे पोचतो, पाठोपाठ नाझींचा हस्तक टोट येतो. मारामारीत गुत्ता पेटतो. तापलेलं पदक उचलताना टोटचा तळवा भाजतो आणि त्यावर पदकाच्या एकाच बाजूचा मजकूर उमटतो. दंडाची उंची किती कमी करायची, हे दुसऱ्या बाजूवर! म्हणून नाझींचा दंड लांब होतो आणि इजिप्तमध्ये तानिसला ते भलत्याच जागी खणत बसतात. एवढी वाट इंडीमुळे चुकली. पण पुढे तोच योग्य जागी खणून कोश वर काढतो आणि नाझींसाठी काम करणारा बेलॉक तो आयता ताब्यात घेतो. कोश नेणारं विमान इंडी आणि मॅरियनच्या झटापटीत पेटतं. मग ट्रक, जहाज, पाणबुडी. अखेरीस इंडी कोश उडवून देण्याची धमकी देतो. बेलॉक म्हणतो, उडव. पुरातत्त्वाच्या या प्राध्यापकाचा हात धजत नाही.

विमान सुखरूप उडालं असतं तर कोश बर्लिनमध्ये उघडला असता, असा प्रतिवाद करता येईल. पण तो तर्क झाला. शेवट करतो तो कोशच. इंडी त्या वेळी खांबाला बांधलेला असतो. आक्षेप मला मान्य आहे, आणि तरीही हा चित्रपट मला प्रिय आहे. टोटने लालबुंद सळई मॅरियनच्या चेहऱ्यापाशी आणली होती, ती इंडीच्या चाबकाने उडवली. कोश उघडताना डोळे मिटून घे, हेही तिला तोच सांगतो. नाझींचं काय व्हायचं ते होवो, ही बाई त्याच्यामुळे जिवंत राहिली.

आता ज्याच्यावाचून काहीच घडलं नसतं असा नायक पाहा. चित्रपट ‘टेंपल ऑफ डूम’, १९८४. गोष्ट १९३५ च्या हिंदुस्थानातली. भारतात चित्रीकरणाला परवानगी मिळाली नाही, म्हणून गाव उभं राहिलं श्रीलंकेत, आणि पडद्यावरचे गावकरी बोलतात सिंहली. इथे इंडी आला नसता तर गावाची चोरलेली पवित्र शिळा परतली नसती, गावातून पळवून खाणीत जुंपलेली मुलं सुटली नसती. एमीला बोट ठेवायला जागाच नाही.

पण त्याची किंमत कोणी मोजली? राजवाड्यातल्या मेजवानीत माकडाचा मेंदू वाढला म्हणून आपल्याकडे संताप झाला, चित्रपटावर काही काळ बंदीही आली. तो संताप रास्त होता. मला मात्र त्याहून जास्त लागतं ते गाव. पोरं पळवून नेली आहेत, एक पोर जीव मुठीत धरून परत येतं, आणि तरी गावातला एकही बाप काठी घेऊन निघत नाही. शिवानेच तुम्हाला आकाशातून पाडलं, असं म्हातारा परक्या माणसाला सांगतो आणि सगळे त्याच्या तोंडाकडे पाहत बसतात. नायकाला सर्वकर्ता करायचं म्हणून आख्ख्या गावाचे हात काढून घेतले! ‘रेडर्स’मध्ये असं होत नाही. तिथे पदकाची दुसरी बाजू कैरोतला एक वृद्ध वाचून दाखवतो, इंडीच्या तोंडी जाणारा विषारी खजूर त्याचा मित्र सल्लाह अधांतरीच झेलतो, मॅरियन स्वतः लढते. इंडीचा वाटा कमी भरतो तो यामुळेही.

‘टेंपल ऑफ डूम’मध्येही एक जागा फार मोलाची आहे. मुलं पळवणाऱ्या पंथाचा पुजारी, अमरीश पुरींचा मोलाराम, इंडीला रक्त पाजून भुलवतो. भारलेला इंडी आपल्याच सोबतिणीला, विलीला, आगीत सोडायला निघतो. तेव्हा शॉर्टी, केई ह्वी क्वानने साकारलेला तो लहानगा, जळती मशाल त्याच्या अंगाला टेकवतो आणि त्याला शुद्धीवर आणतो. खाणीतल्या मुलांच्या बेड्या त्यानंतर तुटतात. ती मुलं कुणी सोडवली असं मला विचाराल, तर मी आधी शॉर्टीचं नाव घेईन.