नोकरीची मुलाखत आणि आपली ओळख

(ज्युबिली महोत्सवानिमित्त वाकोला येथील तरुण-तरुणींपुढें केलेलें भाषण)



ज्युबिलीच्या व्यासपीठावरून नोकरीच्या मुलाखतीविषयीं बोलणें कित्येकांस विचित्र वाटेल. परंतु येथील मूळच्या ख्रिस्ती समाजाचें आजचें नांव एका ज्युबिलीच्याच वर्षीं, आणि बऱ्याच अंशीं नोकरीच्याच प्रश्नावरून, धारण केलेलें आहे. साष्टी बेट 1534 सालच्या वसईच्या तहानें पोर्तुगीजांकडे गेलें, पुढें मराठ्यांकडे आलें, आणि 1782 च्या सालबाईच्या तहानें इंग्रजांकडे कायम झालें. राज्यें बदललीं, आडनांवें मात्र पोर्तुगीजच राहिलीं. रेल्वे, गोदी आणि सरकारी कचेऱ्या यांत माणसें हवीं झालीं, तेव्हां गोव्याहून व मंगळूरहून अनेक ख्रिस्ती बांधव मुंबईस आले. त्यांचीं आडनांवेंहि तींच. अर्ज साहेबाच्या मेजावर पडला म्हणजे हा इसम साष्टीचा कीं गोव्याचा, हें कळण्यास मार्ग नव्हता. आपल्या लोकांना तर सरसकट पोर्तुगीज ख्रिस्ती म्हणत. वास्तविक ते इंग्रजी अंमलाखालील रयत, आणि घरीं मराठी बोलणारे. म्हणून व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्ण ज्युबिलीच्या वर्षीं, 26 मे 1887 रोजीं, बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशनची स्थापना झाली, आणि ‘ईस्ट इंडियन’ हें नांव रूढ झालें. (आज ह्याच बांकांवर गोव्याचीं व मंगळूरचीं मंडळी बसलेलीं आहेत, त्यांनीं रागावूं नये, ही गोष्ट फार जुनी झाली.)

आपल्या पूर्वजांची ही युक्ति मला पसंत आहे. ‘तूं कोण?’ ह्या प्रश्नास त्यांनीं नेमकें उत्तर शोधलें. परंतु नांवानें फार तर दार उघडतें. आंत गेल्यावर ‘तूं काय केलेंस?’ हा दुसरा प्रश्न येतो, आणि त्याचें उत्तर कोणतीहि असोसिएशन आपल्या वतीनें देऊं शकत नाहीं. आज तर पहिला प्रश्नहि दुसऱ्याच्याच रूपानें येतो. ‘स्वतःविषयीं कांहीं सांगा,’ असें म्हणतात, आणि आमचीं मुलें तेथेंच अडखळतात.

मीहि अडखळलों होतों. माझी पहिली मुलाखत फोर्टांतील एका पेढींत होती. मामांचा कोट अंगावर, आणि इंग्रजींतील एक पानभर मजकूर तोंडपाठ. कोठें राहतां, असें विचारल्यावर मी म्हणालों, ‘सांताक्रूझ.’ ‘सांताक्रूझमध्यें कोठें?’ मी घुटमळलों. वाकोला म्हणण्याची मला लाज वाटली. तेवढ्यानें पाठ केलेल्या मजकुराचा धागा तुटला, तो पुनः सांपडला नाहीं. पुढें त्यांनीं विचारलें, हिशेबाचें कांहीं काम केलें आहे काय? मीं ‘नाहीं’ म्हटलें. खरें पाहतां तीन वर्षें सणाच्या वर्गणीचा सगळा जमाखर्च मींच लिहीत होतों. तें गांवचें काम, तें साहेबापुढें काय सांगावयाचें, असें मला वाटलें. नोकरी अर्थातच मिळाली नाहीं, आणि घरीं आल्यावर वडिलांस तें सांगतांना जी मान खालीं गेली ती अजून आठवते.

दुसऱ्या ठिकाणीं हाच प्रश्न आला. ह्या वेळीं मीं वर्गणीचा हिशेब सांगितला. एका वर्षीं शिलकेंत 140 रुपये कमी आले होते. मंडळींत कुजबूज सुरू झाली. मीं दोन रात्री बसून पावत्या जुळविल्या, तेव्हां बँडवाल्याची एक पावती दोनदां लिहिली गेल्याचें आढळलें. हें सांगतांना माझें इंग्रजी कांहीं सुंदर नव्हतें. परंतु समोरच्या गृहस्थांनीं लेखणी खालीं ठेवली आणि पुढें काय झालें तें विचारलें. ती नोकरी मला मिळाली.

म्हणून तयारी करावयाची ती अशी. आपल्या हातून झालेलीं तीन कामें निवडावीं. कॉलेजांतील असोत, दुकानांतील असोत, वा आजारी आजीच्या औषधपाण्याचें वेळापत्रक संभाळल्याचें असो. अडचण काय होती, आपण नेमकें काय केलें, आणि त्यांतून काय निघालें, हें प्रत्येकाचें सांगतां आलें पाहिजे. प्रथम तें घरीं मराठींत मोठ्यानें सांगावें. मराठींत सांगतां येत नाहीं तें इंग्रजींतहि येणार नाहीं. कारण तेथें उणीव भाषेची नसून मजकुराची असते. मग इंग्रजींत सांगावें, परंतु वाक्यें पाठ करूं नयेत. पाठ केलेलें वाक्य मध्येंच तुटतें. घडलेली गोष्ट तुटत नाहीं. सर्व उमेदवारांस तेच ठरलेले प्रश्न विचारणारी मुलाखत ही मोकळ्या गप्पांपेक्षां माणसाच्या पुढील कामाचा अधिक चांगला अंदाज देते, असें श्मिट व हंटर ह्या मानसशास्त्रज्ञांनीं 1998 सालीं अनेक अभ्यास एकत्र करून दाखविलें. त्यामुळें ‘असा प्रसंग आला तेव्हां तुम्हीं काय केलेंत?’ अशा धर्तीचे प्रश्न मोठ्या कंपन्यांतून आतां नेहमींचे झाले आहेत. आणि जें ठाऊक नाहीं तें ‘ठाऊक नाहीं’ असें सरळ सांगावें.

मुलींस एक वेगळी गोष्ट सांगतों. लग्न कधीं करणार, असें अजूनहि कोठें कोठें विचारतात. हा प्रश्न अयोग्य आहे, आणि त्याची लाज विचारणाऱ्यास वाटावी, तुम्हांस नव्हे. ‘हें काम मी पुरतें संभाळीन, त्याविषयीं विचारा,’ एवढें शांतपणें म्हणावें.

सरकारी नोकरीविषयीं पुष्कळ घोटाळा आहे. केंद्र सरकारनें 1 जानेवारी 2016 पासून गट ‘क’ आणि गट ‘ब’ मधील अराजपत्रित पदांच्या भरतींतून मुलाखत काढून टाकली. रेल्वेंतील कारकुनाच्या जागेसाठीं ‘मुलाखतींत वशिला लावतों’ म्हणून कोणी पैसे मागूं लागला, तर तो भामटा आहे हें तेव्हांच ओळखावें. जी मुलाखत नाहींच तिच्यांत तो काय लावणार? उलट संघ लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेंत एकंदर 2025 गुणांपैकीं 275 मुलाखतीचे असतात, आणि ती मराठींतूनहि देतां येते.

बाकी किरकोळ. जाहिरात तीनदां वाचावी. पगाराचा आंकडा आधीं मनांत ठरवून जावें. वांद्रे-कुर्ला संकुल आपल्या उंबरठ्याशीं आहे, म्हणून उशिरां निघूं नये. 26 जुलै 2005 रोजीं सांताक्रूझला एका दिवसांत 944 मिलिमीटर पाऊस पडला, हें आपणांस कोणी सांगावयास नको. व्हिडिओवरून मुलाखत असेल तर शेजाऱ्याची शांत खोली मागून घ्यावी. डोक्यावरून जाणाऱ्या विमानांचा आवाज आपल्याला संवयीनें ऐकूं येत नाहीं, समोरच्यास येतो.

येत्या रविवारीं दुपारीं चार वाजतां मी ह्याच हॉलमध्यें बसणार आहें. ज्यांस मुलाखतीचें बोलावणें आलें असेल त्यांनीं अर्जाची प्रत आणि आपलीं तीन कामें घेऊन यावें. पहिला प्रश्न मी ‘कोठें राहतां?’ हाच विचारीन.